फ्रेम रेट (सुपर ८ चित्रणातील)

फिल्म कॅमेऱ्यात दर सेकंदाला जितक्या फ्रेम (सुटी चित्रे) उमटतात, तो त्याचा फ्रेम रेट. १९३२ साली आलेल्या ८ मिमी घरगुती फिल्मवर १६ फ्रेमचा प्रघात होता. १९६५ मध्ये कोडॅकची सुपर ८ आली आणि १८ रूढ झाला. आवाजासह चित्रण करायचे असेल तर २४.

सुपर ८ चे रीळ ५० फुटांचे, म्हणजे ३,६०० फ्रेमचे. १८ वर ते ३ मिनिटे २० सेकंद पुरते, २४ वर अडीच मिनिटे, ५४ वर जेमतेम १ मिनिट ७ सेकंद. म्हणून रेट ठरवताना आधी रिळाचा हिशेब मांडावा.

साताऱ्यातील वाईजवळच्या बावधनचे बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच टांगून नेणारा लाकडी गाडा, घ्या. रंगपंचमीला बैलजोड्या ते ओढतात. १८ वर आठ-आठ सेकंदांचे २५ शॉट एका रिळात बसतात, आणि यात्रेला तेवढे पुरतात. बैलांनी जोर लावताना मानेवर ताणलेले जू, खुरांखालून उसळणारी माती एवढे मात्र ३६ वर घ्यावे. १८ ने दाखवल्यावर ती ओढ दुप्पट वेळ डोळ्यांसमोर राहते. ९ वर बगाड कधीही टिपू नये. नवस फेडणारा बगाड्या पडद्यावर दुडक्या चालीने धावताना दिसतो आणि श्रद्धेची थट्टा होते.

रेट वाढला की प्रकाश घटतो. १८ वर एका फ्रेमला साधारण १/४० सेकंद उजेड मिळतो, ३६ वर त्याच्या निम्मा, ५४ वर एक तृतीयांश. ठोसेघरचा धबधबा ५४ वर फार देखणा दिसतो, पण तो भरून वाहतो तेव्हाच आभाळही भरलेले असते. जुनी कोडाक्रोम ४० फिल्म तर उन्हात लावायच्या फिल्टरमागे ४० ऐवजी २५ एएसएचीच (एएसए म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) उरे. कॅमेरा आपोआप भिंगाचे छिद्र उघडत जातो. ते पूर्ण उघडल्यानंतर चित्र काळवंडतेच. अशा दिवशी १८ वरच थांबावे.

कास पठारावर सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या मात्र एकेक फ्रेमने टिपाव्यात. दर दोन सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर पडद्यावरच्या १० सेकंदांसाठी ६ मिनिटे तिकाटण्याजवळ बसावे लागते.

एका रिळात १८ आणि २४ मिसळू नयेत. १८ वर घेतलेले २४ ने चालवले तर माणसे एक तृतीयांशाने भरभर चालतात. स्कॅनिंगला देताना डबीवर रेट ठळक लिहावा.