जखम की स्वभाव? फौजीच्या मनाच्या आजाराची शंभर वर्षे

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात एक स्मृतिफलक आहे. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले, असे त्यावर कोरले आहे. जे परत आले त्यांच्यापैकी कुणाची झोप कायमची उडाली होती, हे असल्या फलकांवर कोरत नाहीत.

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. तोफगोळा जवळ फुटला की मेंदूला हादरा बसतो, त्यामुळे कापरे भरते, वाचा जाते, अशी तेव्हाची समजूत होती. पण गोळा जवळपास पडलाच नव्हता, असेही लोक थरथरत रुग्णालयात येऊ लागले आणि ब्रिटिश लष्कराची पंचाईत झाली. तोडगा कारकुनी निघाला. शत्रूच्या माऱ्यामुळे झाले असेल तर शेऱ्यापुढे ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी, आणि नसेल तर ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. ‘डब्ल्यू’वाल्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनवर हक्क मिळायचा, ‘एस’वाल्याला नाही. थरथर दोघांची सारखीच. पुढे तर निदानच लांबणीवर टाकून ‘अद्याप निदान नाही, मज्जासंस्थेचा’ असे लिहायचा हुकूम निघाला. त्याच युद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली.

या आजाराचा इतिहास डॉक्टरांपेक्षा हिशेबनिसांनीच जास्त घडवला, असे मला वाटते. प्रत्येक वेळी खरा प्रश्न एकच होता: हे नोकरीने झाले, की गड्याचा स्वभावच तसा?

फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या वाट्याला तर आधी संशयच आला. हाताला गोळी लागलेले बरेच दिसू लागले, तेव्हा त्यांनी ती स्वतःच मारून घेतली का, याची चौकशी झाली. ब्राइटनच्या किचनर रुग्णालयातल्या ब्रूस सीटन यांनी हजार जखमींची तपासणी केली. संशयाला म्हणण्यासारखा आधार सापडला नाही. शिपायांची पत्रे तपासणारा सेन्सॉर अधिकारी हॉवेल याने १९१५ मध्ये वेगळीच नोंद केली. बरेच जण पत्रातून कवितेवर उतरू लागले आहेत आणि हे मन अस्वस्थ झाल्याचे लक्षण वाटते, असे त्याने वरिष्ठांना कळवले. डॉक्टर नसलेल्या माणसाने केलेले हे निदान बरेच सरस म्हणायचे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. घोड्याचे मांस खाऊन दिवस काढल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि मग तुर्की कैद. त्याच काळात, १९१७ साली, अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था उभी राहिली. ती आज पुण्यात खडकीला आहे. पाय गेलेल्याची सोय झाली. मन गेलेल्याचा भार घरच्यांवर.

आजच्या नावापर्यंत यायला व्हिएतनाम युद्ध लागले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या १९५२ च्या निदानसूचीत युद्धाच्या ताणासाठी एक नोंद होती. १९६८ च्या आवृत्तीत, नेमके युद्ध भडकलेले असताना, ती गाळली गेली. परतलेले सैनिक १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये गोल करून बसत, एकमेकांशी बोलत. लिफ्टन आणि शाटान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांत जाऊन बसले. त्या रेट्यातून १९७९ साली अमेरिकेत सैनिकांसाठी स्वतंत्र समुपदेशन केंद्रे निघाली आणि १९८० मध्ये त्याच सूचीत ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा विकार, हे निदान छापले गेले. यात महत्त्वाचे हे की आजाराचे कारण प्रथमच माणसाच्या बाहेर, घडलेल्या घटनेत मानले गेले.

आपल्याकडे ‘एस’ वेगळ्या वाटेने भेटतो. भारतीय लष्करात जवानाची तब्येत ‘शेप’ (SHAPE) या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांत मोजतात. त्यातले पहिले अक्षर ‘एस’, ते मनाचे, मग कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे. सगळे ठीक तर ‘शेप-वन’. ‘एस’मध्ये खालची कॅटेगरी लागली की बढती, हत्यार, पुढची पोस्टिंग, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसरचा अहवालही लागतो, ‘एएफएमएसएफ-१०’ नावाचा. म्हणजे रात्री दचकून उठतो ही गोष्ट आधी साहेबाला कळणार. गडी गप्प राहतो यात नवल ते काय?

घरी आल्यावर तो जुनाच प्रश्न पेन्शनच्या कागदावर येतो. आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेत वाढलाही नाही, असा मेडिकल बोर्डाचा शेरा पडला की अपंगत्व पेन्शन अडते. आजार ‘प्रकृतीतलाच’ असे एका ओळीत लिहून मोकळे होण्याची पद्धत होती. १९८२ च्या नियमांत मात्र भरतीवेळी जवान धडधाकट होता असे गृहीत धरायला सांगितले होते. धर्मवीर सिंग या माजी जवानाच्या खटल्यात, त्यांचा आजार फेफऱ्याचा होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच ठणकावले: भरतीच्या वेळी कागदावर आजार नसेल, तर तो सेवेमुळे नाही हे सरकारने दाखवायचे. मनाच्या आजारांच्या दाव्यांनाही या निकालाचा आधार मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये या पेन्शनचे नवे नियम आले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना लगेच विरोध केला.

त्याच वर्षी १ डिसेंबरला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, लष्करातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा खास कक्ष सुरू झाला. ही सेवा एरवी सगळ्यांनाच १४४१६ या टोल-फ्री क्रमांकावर मिळते. फोन जवानाच्या बायकोनेही करता येतो, हे मला त्यातले सर्वांत कामाचे वाटते. नवरा गप्प बसतो तेव्हा काय बिनसले आहे, ते बहुतेकदा तिलाच आधी कळलेले असते.