गाळा गहाण न ठेवताही कर्ज मिळतं

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या टपरीवर वर्षानुवर्षं ऐकू येतं: "गाळा नाहीतर घर गहाण टाक, त्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियमच तसे!"

नियम नेमका उलटा आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या २० लाखांपर्यंतच्या (एप्रिल २०२६ आधी १० लाखांपर्यंतच्या) कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही. जीएसटी रिटर्न, खात्यातली उलाढाल बघून ती नकार देऊ शकते. तारण नाही म्हणून नव्हे. त्यापुढच्या रकमेला २००० साली सुरू झालेली पतहमी योजना आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी. तिचं शुल्क पडतं, आणि हमी बँकेला असते, आपल्याला नव्हे. कर्ज फेडावंच लागतं.

मला जास्त मोलाची वाटते ती ट्रेड्स, म्हणजे थकलेल्या बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था. लेथवर जॉबवर्क करणाऱ्याच्या गाळ्यात तारेला टोचलेली बिलं बघा: माल कधीच गेला, पैसे नव्वद दिवसांनी. तेच बिल ट्रेड्सवर चढवलं आणि माल घेणाऱ्या कंपनीनं मान्य केलं, की बँका बोली लावतात. सर्वांत कमी व्याज सांगेल तिला बिल द्यायचं, रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात. पुढे कंपनीनं थकवलं तरी बँक गाळेवाल्याच्या मागे लागत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथं नोंदणी सक्तीची आहे. बिल मान्य करणं मात्र त्यांच्या हातात. घोडं अडतं ते तिथं.

या सगळ्याला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, लागते. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी दोन हजार मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावा.