हादाश आणि याशान : ज्यू आहारनियमांतील नवे व जुने धान्य

पाच ठरावीक धान्यांचे नवे पीक वल्हांडण सणातील (पेसाह) एक विशिष्ट दिवस उलटेपर्यंत खाऊ नये, असा ज्यू आहारनियम आहे. निषिद्ध असलेल्या नव्या धान्याला हिब्रूत हादाश म्हणतात आणि खाण्यास मोकळ्या झालेल्या धान्याला याशान, म्हणजे जुने. या नावांमुळे पुष्कळांची गफलत होते. धान्य कोठारात किती महिने पडून आहे, याला येथे काहीच महत्त्व नाही. ते जुने ठरते ते रोपाने मूळ कधी धरले यावरून. मेमध्ये कापलेला गहू शेतातून घरी येतो तेव्हाच ‘जुना’ असू शकतो आणि ऑगस्टात कापलेला गहू सात महिने साठवूनही ‘नवा’च राहतो.

नियमाचा आधार तोरातील (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) लेवीय २३:१४ हे वचन आहे. देवाला पहिल्या पिकाचे अर्पण होईपर्यंत भाकर, भाजलेले दाणे व हिरवी कणसे खाऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. या अर्पणाला ओमेर म्हणत. ते जवाचे असे आणि ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या १६ तारखेला जेरुसलेमच्या मंदिरात होई. मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहातील वर्णनानुसार तीन सेआ (धान्याचे जुने माप) जव कापून त्यातून फक्त एक इस्सारोन, म्हणजे सुमारे सव्वादोन ते अडीच लिटर, पीठ काढत आणि ते तेरा चाळण्यांतून चाळत. ओमेर होताच त्या दिवसापर्यंत मूळ धरलेले सगळे धान्य मोकळे होई. इ. स. ७० मध्ये मंदिर नष्ट झाल्यावर धर्मगुरू योहानान बेन झक्काई यांनी १६ निसानचा पूर्ण दिवस वर्ज्य ठरवला. इस्राएलबाहेर सणाचे दिवस दुहेरी पाळले जातात, म्हणून तेथे १७ निसानही वर्ज्य. धान्य त्या दिवशी सूर्यास्तानंतर रात्र पडल्यावर मोकळे होते. २०२६ मध्ये १६ निसान ३ एप्रिलला आला, म्हणजे इस्राएलबाहेर ४ एप्रिलच्या रात्रीपासून मोकळीक मिळाली. यासाठी कोणताही विधी करावा लागत नाही. पोत्यातला गहू आणि डब्यातले पीठ आपोआप याशान होते.

पाच धान्ये म्हणजे गहू, जव, स्पेल्ट (कुस्मिन), राय आणि ओट्स (शिबोलेत शुआल). कुस्मिन म्हणजे आपला खपली गहू आणि शिबोलेत शुआल म्हणजे जवाचाच एक प्रकार, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आचरणात मात्र रूढ अर्थच धरतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी व मका यांना हा नियम लागू नाही.

मूळ धरायला किती दिवस लागतात, यावर दोन मते आहेत. एका मताने पेरणीनंतर तीन दिवस पुरतात, तर दुसऱ्या मताने चौदा दिवस लागतात. त्यामुळे सणाच्या अगदी तोंडावर पेरलेल्या शेताचे पीक वादात सापडते.

इस्राएलबाहेर नियम किती लागू, हा वाद याहून मोठा आहे. ‘हादाश सर्वत्र तोरानेच निषिद्ध’ असे मिश्ना म्हणते. मायमोनिडीझ आणि योसेफ कारो या धर्मशास्त्रकारांनी निर्णय तसाच दिला. पण थंड युरोपात वसंतात पेरलेल्या जवाशिवाय आणि ओट्सशिवाय गरिबाचे भागत नव्हते. पोलंडमधील क्राकोचे रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सर्लेस यांनी दुहेरी शंकेचा आधार घेतला : धान्य गेल्या वर्षीचे असू शकते, आणि यंदाचे असले तरी त्याने ओमेरपूर्वी मूळ धरलेले असू शकते. त्याच शहरातील योएल सिर्किस (१५६१–१६४०) यांनी अन्यधर्मीयांच्या शेतातील धान्याला इस्राएलबाहेर नियमच लागू नाही, असे ठरवले. व्हिल्ना गाओन या नावाने ओळखले जाणारे विद्वान (१७२०–१७९७) यांनी ही सवलत मानली नाही. इस्राएलबाहेरचे बहुसंख्य कश्रुत (ज्यू आहारनियम) पाळणारे आजही सवलतीवर चालतात, तर कडक पाळणारे याशानच शोधतात. सवलतीवर चालणाऱ्याला निष्काळजी समजणे अन्यायाचे आहे. तिच्यामागे कित्येक पिढ्यांची उपासमार उभी आहे. प्रेसबर्गचे रब्बी हताम सोफेर यांनी ‘हादाश तोराने निषिद्ध’ हेच शब्द श्लेषाने, म्हणजे ‘जे जे नवे ते निषिद्ध’ अशा अर्थाने, धर्मसुधारणांविरुद्ध वापरले. तेव्हापासून ते घोषवाक्य म्हणूनच अधिक ऐकू येतात आणि मूळ विषय धान्याचा आहे, हे मागे पडते.

प्रत्यक्षात अडचण किती येते, हे हवामानावर ठरते. इस्राएलमध्ये गहू हिवाळ्याच्या पावसावर, नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात आणि मे-जूनच्या सुमारास कापतात. मूळ ओमेरच्या कितीतरी आधी धरलेले असते, म्हणून स्थानिक गहू कापणीलाच याशान. तेथे लक्ष ठेवावे लागते ते आयात धान्यावर.

भारतात रब्बीचा गहूही आधीच रुजलेला असतो, पण महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात त्याची कापणी लवकर होते. १५ निसान, म्हणजे वल्हांडणाचा पहिला दिवस, बहुधा चैत्र पौर्णिमेच्या आसपास येते, क्वचित फाल्गुन पौर्णिमेला (२०२१ मध्ये तसे झाले). फाल्गुनात बाजारात आलेला नवा लोकवन किंवा बन्सी त्या मधल्या काही आठवड्यांपुरता हादाश असतो. वर्षाचा गहू त्या दिवसांत भरला तरी हरकत नाही. पोते वेगळे ठेवून जुन्या साठ्यातले दळावे. दळण गिरणीत देताना आधीच्या गिऱ्हाइकाचे पीठ जात्यात राहते, हे लक्षात ठेवावे. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाचे रोजचे अन्न भात आणि तांदळाची भाकरी, त्यामुळे तेथे हा प्रश्न मुळातच छोटा. शेजारच्या घरांत नवान्न पौर्णिमेला नवे भात आधी देवाला दाखवतात. पहिला घास देवाचा, ही भावना दोन्हीकडे आहे; फक्त ज्यू नियमात तांदूळ बसत नाही.

उत्तर अमेरिकेत मात्र याशान पाळणे हे खरे काम आहे. तेथे हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. तो नेहमी याशान. वसंत गहू एप्रिल-मेमध्ये पेरून मुख्यतः ऑगस्टात कापतात. पेरणी ओमेरनंतर झाली, की तो पुढच्या वल्हांडणापर्यंत हादाश. पाव, बेगल, पिझ्झा आणि शब्बाथच्या (शनिवारचा विश्रांतिदिन) हल्ला या पावासाठी जास्त ग्लुटेनचे पीठ लागते, ते नेमके याच गव्हाचे. पास्त्याचा ड्युरम, ओट्स आणि जवही तेथे बहुतांशी वसंतातलेच. केक-बिस्किटांचा मऊ गहू हिवाळी असल्याने तो सुटतो.

म्हणून पाळणारी घरे जुलै संपण्याआधी ओट्स आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पीठ व पास्ता भरून ठेवतात. पाकिटावरची तारीख नीट वाचावी लागते. नव्या पिकाआधीची पॅकिंगची तारीख असेल तर माल नक्की याशान. त्यानंतरची तारीख असली म्हणून तो हादाशच, असे मात्र नाही, कारण गिरण्या जुना गहूही वापरत असतात. अशा वेळी कश्रुतचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारावे. ‘हिवाळी गहू’ एवढ्या शब्दांवर विसंबणारे हमखास फसतात. अशा पिठात जवाच्या माल्टचे (मोड आणून वाळवलेले धान्य) पीठ किंवा वसंत गव्हाचे ग्लुटेन मिसळलेले असू शकते. नाश्त्याच्या सीरिअलमधला माल्ट अर्क, बिअर, माल्ट व्हिनेगर आणि ब्रेडचा चुराही तपासावा. माल्टोडेक्स्ट्रिन अमेरिकेत बहुधा मक्याचे असते, नावाला घाबरू नये.

मिश्रणाचा नियम येथे नेहमीपेक्षा कडक आहे. हादाश वाट पाहिली की मोकळे होणारच असते. म्हणून तो त्याच जातीच्या धान्यात मिसळला, तर साठात एक या प्रमाणाने नाहीसा झाला असे मायमोनिडीझ मानत नाहीत. वेगळ्या जातीत मिसळला, तर साठाचे प्रमाण चालते.

साठवणीत घात होतो तो किड्यांमुळे, आणि किडे खाणे हा स्वतंत्र निषेध आहे. पीठ घट्ट बंद करून उणे १८ अंशांवर फ्रीजरमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर हवेतली ओल आत धरून पीठ गोळे होते. चोकरासकटचे पीठ अंकुरातल्या तेलाने खवट होते. त्याऐवजी अख्खा गहू वाळवून ठेवावा आणि लागेल तसा दळावा.

मोकळीक मिळते ती वल्हांडणाच्या आतच, आणि त्या आठवड्यात साधे पीठ व पाव हामेत्स (आंबलेले किंवा आंबू शकणारे धान्य) म्हणून वर्ज्यच असतात. त्यामुळे याशान झालेला पाव ताटात येतो तो सण संपल्यावर, आणि अमेरिकेतल्या घरांना पुन्हा तारखा तपासायला लागतात त्या जुलैच्या शेवटी, ओट्सपासून.