व्हिलेल्लाची कवटी

इटलीतल्या तुरिन शहरात, एका संग्रहालयात, जुझेप्पे व्हिलेल्ला नावाच्या माणसाची कवटी ठेवलेली आहे. दक्षिणेकडच्या कॅलाब्रियातला हा गरीब माणूस चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि १८६४ साली घरापासून फार दूर, उत्तरेतल्या पाविया इथे वारला. त्याच्या कवटीत मागच्या बाजूला आतून, जिथे एरवी हाडाची उभी कड असते, तिथे एक खळगा होता. डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसोने त्या खळग्यावर अख्खं शास्त्र उभारलं.

असा खळगा काही खालच्या प्राण्यांत दिसतो. त्यावरून त्याने ताडलं, की गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे परतलेला माणूस. १८७६ साली त्याचं पुस्तक आलं. मोठा जबडा, वर आलेली गालफडं, पसरट कान, लांब हात ही त्याच्या मते जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं. त्यांत गोंदणही होतं! गोंदण कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. पण अशा माणसांना वेदना कमी जाणवतात, म्हणून ते गोंदवून घेतात, असं त्याचं म्हणणं. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण असायचं, हे आठवलं की या तर्काचा पोकळपणा मला लगेच जाणवतो.

खरी चूक पद्धतीत होती. त्याने मापं घेतली ती प्रामुख्याने तुरुंगातल्या माणसांची. तुलनेला घेतलेले लोक प्रदेश, खाणंपिणं, गरिबी यांत कैद्यांशी जुळणारे नव्हते. नव्यानेच एक झालेल्या इटलीत दक्षिणेकडचे लोक आधीच मागासलेले समजले जात. तोच समज मोजपट्टी घेऊन पुन्हा समोर आला.

इंग्लंडमधल्या तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापं घेतली आणि सैनिक, विद्यापीठातले विद्यार्थी अशा लोकांशी ती ताडून पाहिली. आकडेमोडीत संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांची मदत होती. १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुन्हेगाराचा म्हणून वेगळा शरीरप्रकार आढळत नाही. उंची आणि वजन तेवढं थोडं कमी भरलं. मात्र गुन्हेगारीमागे उपजत कमी बुद्धी असते, असं गोरिंग यांनाही वाटत होतं.

जन्मावरून गुन्हेगार ठरवणं आपल्याकडेही झालं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा लोम्ब्रोसोच्या पुस्तकाआधीचा. त्याला कवट्या मोजायचीही गरज पडली नाही, जात पुरली. पारध्यांसारख्या जमातींवरचा तो शिक्का कायद्यातून १९५२ साली निघाला. लोकांच्या नजरेतून तो अजून निघायचा आहे.

व्हिलेल्लाच्या गावाने, मोत्ता सांता लुचियाने, दफनासाठी कवटी परत मागितली. २०१२ साली खालच्या न्यायालयाने गावाची बाजू घेतली, पण २०१९ साली सर्वोच्च पातळीवर निकाल संग्रहालयाच्या बाजूने लागला. कवटी तुरिनमध्येच आहे. लोम्ब्रोसोचा सांगाडाही, त्याच्याच इच्छेवरून, तिथेच ठेवलेला आहे.