ग्राफिक्सचं पुस्तक की गेमचं पुस्तक?

अप्पा बळवंत चौकातून ते जाडजूड जुनं पुस्तक उचललं तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं: स्वतःचा गेम करायचा. मुखपृष्ठावर चिलखत घातलेला योद्धा, मागे आगीचे लोळ. अनुक्रमणिका बघायची बुद्धी काही झाली नाही. दोन महिने रोज रात्री तासभर बसून सहा प्रकरणं संपवली आणि पडद्यावर आली एक चहाची किटली. चकचकीत, संथपणे गोल फिरणारी. दिसायला देखणी, पण तिच्याशी खेळायचं काय?

पुस्तकाचा काही दोष नव्हता. किटली म्हणजे तर या विषयाचा श्रीगणेशाच आहे. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी घरच्या किटलीवरून तिचा आकार आकड्यांत उतरवला, तेव्हापासून ती ग्राफिक्सच्या पुस्तकांत मुक्कामालाच आहे. मला हवं होतं गेम प्रोग्रामिंगचं पुस्तक आणि मी आणलं होतं ग्राफिक्स प्रोग्रामिंगचं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि दोन्हींवर योद्धेच असतात.

ग्राफिक्सचं पुस्तक एका फ्रेमपुरतं, म्हणजे पडद्यावरच्या एका स्थिर चित्रापुरतं बोलतं. कॅमेरा इथे, दिवा तिथे, वस्तू अशी ठेवली आहे, तर पडद्यावरच्या या ठिपक्याला रंग कोणता द्यायचा? शेडर (ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम), टेक्स्चर (वस्तूवर चिकटवलेलं चित्र), सावल्या, सगळं या एका प्रश्नापायी. गेमचं पुस्तक एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत काय घडतं ते सांगतं. बटण दाबलं, गडी उडाला, डोकं छताला लागलं, एक जीव गेला. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येकीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात दोघांनी आपापलं काम उरकायचं.

मग गोंधळ का होतो? कारण दोन्हीकडे सुरुवातीला गणित सारखंच दिसतं. बारावीत भेटलेला डॉट प्रॉडक्ट घ्या. एकेक लांबीचे दोन बाण घेतले की तो त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन देतो, म्हणजे ६० अंशांना ०.५. ग्राफिक्सच्या पुस्तकात एक बाण पृष्ठभागातून सरळ वर निघालेला असतो आणि दुसरा दिव्याकडे जाणारा. उत्तर ०.५ आलं तर तिथे निम्माच उजेड धरायचा. गेमच्या पुस्तकात एक बाण पहारेकऱ्याच्या नाकासमोर असतो आणि दुसरा पहारेकऱ्याकडून खेळाडूकडे. पहारेकऱ्याला दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत दिसतं असं ठरवलं, तर उत्तर ०.५ पेक्षा जास्त आलं की तुम्ही पकडले गेलात. गणित तेच, आकडाही तोच; पण एकीकडे त्यातून रंग निघतो आणि दुसरीकडे निर्णय. व्हेक्टर आणि मॅट्रिक्सची पहिली दोन प्रकरणं चाळून पुस्तक ओळखायला जाल तर फसाल ते म्हणूनच.

चुका मात्र वेगळ्या जातीच्या होतात. माझ्या पहिल्या गेममध्ये, म्हणजे दुसऱ्या पुस्तकानंतरच्या, चेंडू दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकायचा. माझ्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरवर सेकंदाला ३०० पिक्सेल, झकास. मित्राच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तोच चेंडू ७२० पिक्सेलच्या वेगाने सुटला आणि गडी हसून लोळला. उपाय सोपा: वेग सेकंदाच्या हिशोबात ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणायचा. मग पुढचं दुखणं आलं. वेग ३००० केला की ६० फ्रेमच्या हिशोबाने चेंडू एका उडीत ५० पिक्सेल जातो. भिंत २० पिक्सेल जाड. या फ्रेमला चेंडू भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि आपटला म्हणून कुणाला पत्ताच नाही. यातली कुठलीच भानगड किटलीच्या पुस्तकात नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. किटली कशावर आपटत नाही.

चित्र काढणं आणि जग पुढे सरकवणं ही दोन कामं किती वेगळी आहेत ते १९९३ च्या 'डूम' या राक्षस मारायच्या गेममध्ये दिसतं. त्यातलं जग सेकंदाला ३५ वेळा पुढे सरकतं. १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि हौशी मंडळींनी त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्यातल्या अनेकांत चित्र हवं तितक्या वेगाने निघतं, पण राक्षसांचं घड्याळ ३५ च्या ठेक्यावरच चालतं.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला 'कॉम्प्युटर ग्राफिक्स' हा पेपर असतो, त्याने या गोंधळात भरच घातली आहे. टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरची निळी खिडकी, चित्राचा पडदा सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या आज्ञेला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न: डीडीए आणि ब्रेझनहॅम या रेष काढायच्या दोन पद्धतींमध्ये फरक काय? ब्रेझनहॅम यांनी ती रेष काढायची युक्ती आयबीएममध्ये १९६२ मध्ये शोधली, तीही कागदावर चित्र काढणाऱ्या प्लॉटरसाठी. अपूर्णांक टाळून नुसत्या पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर रेष काढणं ही खरोखर सुंदर कल्पना आहे, पण ती पाठ करून गेम होत नाही. ज्याला सी ग्राफिक्समध्ये चांगले मार्क, त्याने गेम करावा असा सल्ला मी स्वतः ऐकला आहे. अक्षर चांगलं आहे म्हणून नाटक लिही, म्हटल्यासारखं ते.

दोन टोकांची दोन पुस्तकं सांगतो, दोन्ही नेटवर फुकट वाचता येतात. पीटर शर्ली यांचं 'रे ट्रेसिंग इन वन वीकेंड' शुद्ध ग्राफिक्सचं. त्यात खिडकी नाही, कीबोर्ड नाही, हालचाल नाही. प्रोग्राम चालवला की एक चित्राची फाइल तयार होते, आणि शेवटच्या पानावरचं गोळ्यांचं चित्र निघेपर्यंत चहा पिऊन यावं. दुसरं रॉबर्ट नायस्ट्रम यांचं 'गेम प्रोग्रामिंग पॅटर्न्स'. प्रकाश कसा पडतो याचा धडा तिथे शोधू नका. गेम लूप, म्हणजे गेम चालू असेपर्यंत पुन्हापुन्हा फिरणारं कोडचं चक्र, कसा लिहावा, शंभर प्रकारचे शत्रू असले तरी कोडचा गुंता कसा होऊ द्यायचा नाही, हे त्यात आहे. पण आधी थोडंफार प्रोग्रामिंग केलेलं असावं, नाहीतर त्यातल्या अर्ध्या अडचणी तुम्हाला अडचणी वाटणारच नाहीत.

पुस्तक हातात घेतलं की मी आता मागची सूची उघडतो. 'कोलिजन' (म्हणजे आपटाआपटी) आणि 'इनपुट' यांच्यापुढे किती पानांचे आकडे आहेत ते बघतो, मग 'शेडर' आणि 'टेक्स्चर' यांच्यापुढे किती ते. मुखपृष्ठावरचा योद्धा काहीही म्हणो.

जुनं पुस्तक घेताना आणखी एक बघा. प्रकाशाचं गणित शिळं होत नाही, पण ते ज्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून शिकवलं आहे ती होते. ओपनजीएल ही अशीच एक ग्राफिक्सची लायब्ररी. उदाहरणांत पानोपानी तिच्या जीएल-बिगिन आणि जीएल-एंड या आज्ञा दिसल्या तर ती पद्धत ओपनजीएल ३.० ने २००८ मध्येच बाद ठरवली आहे; पुस्तकातलं गणित घ्या, कोड सोडा. गेम इंजिनची पुस्तकं तर त्याहून लवकर नासतात. २०२३ मध्ये गोदो या गेम इंजिनची ४ ही आवृत्ती आली आणि तिच्यात गडी हलवायला लागणाऱ्या कायनेमॅटिकबॉडी-टूडीचं नाव बदलून कॅरेक्टरबॉडी-टूडी झालं. गोदो ३ च्या पुस्तकातला गडी हलवण्याचा कोड जसाच्या तसा उतरवला तर पहिल्याच ओळीला लाल रेघ येते, आणि नवखा माणूस बिचारा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रात्रभर स्वल्पविराम शोधत बसतो.