गवत झोपलंय की मेलंय? पान सोडा, बुडखा बघा

थंडी पडायला लागली की दरवर्षी तोच प्रश्न येतो: लॉन पिवळी पडली आहे, काय घालू? उत्तरंही ठरलेली असतात. कुणी युरिया सांगतं, कुणी रोज पाणी मारायला सांगतं, कुणी सगळं उकरून नवं गवत लावायला सांगतं. गवत जिवंत आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर तोच पहिला प्रश्न असायला हवा. थंडीत सुप्त झालेलं गवत आणि थंडीत मेलेलं गवत वरून जवळजवळ सारखंच दिसतं, पण एकाला फारसं काही न करता सांभाळायचं असतं आणि दुसरं काढून टाकायचं असतं.

मेलेलं गवत सगळ्यांना माहीत आहे. ते परत फुटत नाही, विषय संपला. घोटाळा होतो तो सुप्त गवतापाशी.

हरळी किंवा झोयसियासारखी उष्ण हंगामातली गवतं साधारण २७ ते ३५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात. माती १० अंशांच्या खाली जाऊन तिथेच राहिली की त्यांची वाढ थांबते. पानातलं हरितद्रव्य मोडतं, पान वाळून फिकट तपकिरी होतं. पुढच्या फुटीसाठी लागणारी साखर आणि पिष्ट तोवर बुडख्यात, म्हणजे पान आणि मूळ जिथे जुळतात त्या भागात, आणि जमिनीलगत पसरणाऱ्या खोडांमध्ये साठलेलं असतं. म्हणजे पान गेलं तरी गवत जगतं. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास या थंड हवेच्या गवतांना १५ ते २४ अंश मानवतात. सौम्य थंडीत ती हिरवीच राहतात, कडक थंडीत मंदावतात आणि निस्तेज दिसतात. त्यामुळे जेमतेम थंडीत रायग्रास वाळलं तर काळजी करावी, हरळी वाळली तर करू नये. आपल्या बागेत कोणतं गवत आहे हे ठाऊक नसताना दुसऱ्याच्या बागेचा सल्ला उचलणं हे निम्म्या नुकसानाचं कारण असतं.

रंगाची छटा, पायाखालचा कुरकुरीतपणा, वास यांवरून निदान करू नका. डाग कसे पडलेत यावरून थोडा अंदाज येतो: सुप्तता बहुधा सगळीकडे सारखी पसरते, मरण ठिगळाठिगळांनी येतं. पण उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगतचं गवत उशिरा झोपतं आणि खोलगट, गार जागेतलं लवकर, म्हणून निरोगी लॉनवरही ठिगळं दिसू शकतात.

आता बुडख्याकडे येऊ. पानांची आवरणं खाली जिथे एकत्र येतात आणि जिथून मुळं सुटतात, तो मातीच्या पातळीवरचा छोटासा जाडसर भाग म्हणजे बुडखा. नवी पानं तिथूनच येतात आणि नवी मुळंही तिथूनच. बुडखा जिवंत असेल तर वरचं पान वाळलं, कापलं गेलं, तुडवलं गेलं तरी गवत परत फुटतं. बुडखा मेला असेल तर वर थोडी हिरवी पानं उरलेली असली तरी ती चार दिवसांची असतात. सगळा निकाल त्या एवढ्याशा जागेवर लागतो, आणि लोक बघतात नेमकं पानाकडे.

तपासणी सोपी आहे. सुरीने गवताचा छोटा पुंजका मुळांसकट काढा. माती धुवा. वाळकी आवरणं एकेक करून सोला आणि आतला बुडखा नखाने किंवा पात्याने उभा चिरा. आत पांढरट किंवा मलईसारखा रंग असेल आणि तो घट्ट लागत असेल तर गवत झोपलेलं आहे. आतपर्यंत तपकिरी असेल, बोटाखाली पिचपिचत असेल किंवा कोरडा पडून चुरा होत असेल तर मेलेलं आहे. हरळीचं आडवं पसरलेलं खोडही असंच चिरून बघा. एकाच जागी बघून ठरवू नका, पाच-सहा ठिकाणी बघा. निम्मे पुंजके जिवंत निघाले तर हरळी ऊब आल्यावर रिकाम्या जागा स्वतःच भरून काढते. पुंजक्यांनी वाढणाऱ्या टॉल फेस्क्यूकडून ती अपेक्षा धरू नका.

याऐवजी सगळीकडे सांगितली जाते ती ओढून बघायची युक्ती: मूठभर गवत ओढा, सहज हातात आलं तर मेलं. मला ही युक्ती पसंत नाही. नुकताच गोठून मेलेला बुडखाही काही काळ मुळांनी धरून राहतो, त्यामुळे मेलेलं गवत जिवंत वाटतं. उलट हुमणीने मुळं कुरतडली असतील तर बुडखा अजून जिवंत असतानाही अख्खा थर सतरंजीसारखा उचलला जातो. आणि सुप्त गवताची वाळकी पानं तुटून हातात येतात, ती पाहून लोक उगाच घाबरतात. ओढून बघायचंच असेल तर बघा, पण निकाल चिरलेल्या बुडख्यावरच द्या. तरीही शंका उरली तर दहा सेंटिमीटरचा एक तुकडा कुंडीत लावा, घरात उबदार आणि भरपूर उजेड येणाऱ्या खिडकीत ठेवा, माती ओलसर राखा. जिवंत असेल तर दोन-तीन आठवड्यांत हिरवे कोंब दिसतात.

झोपलेलं आहे हे ठरलं की नत्र, म्हणजे युरियासारखं खत, बंद. गार मातीत सुप्त मुळं ते फारसं उचलत नाहीत, बरंचसं पाण्याबरोबर झिरपून जातं. हरळीला शेवटचं नत्र पहिल्या हिमाच्या दीड-दोन महिने आधी द्यावं. रोजचं पाणी नको, पण कोरडी थंडी लांबली आणि जमीन गोठलेली नसेल तर महिन्यातून एक-दोनदा दुपारी पाणी द्या, नाहीतर बुडखा सुकून मरतो. गळलेल्या पानांचा जाड थर साचू देऊ नका. पानांवर हिमकण असताना लॉनवर चालू नका. पायाखाली पेशी फुटतात आणि पावलांचे काळपट ठसे उरतात. बुडखा सहसा वाचतो, पण पान जातं.

सुप्त हरळीवर रायग्रासचं बी टाकून हिरवा रंग आणण्याची आवड अनेकांना आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे. हरळी जागी व्हायच्या वेळी हेच रायग्रास तिचा उजेड आणि पाणी पळवतं. फिकट तपकिरी लॉन ही निरोगी लॉन असू शकते, ती लपवायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. थंडीच्या मध्यावर बुडखा पांढरा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. थंड हवेच्या गवतांना मोठा धोका बऱ्याचदा थंडी सरताना असतो: बर्फ वितळतो, बुडखा पाणी शोषून फुगतो, मग अचानक पुन्हा कडक गोठण होते आणि तो आतून फाटतो. खोलगट, पाणी साचणाऱ्या जागा आधी जातात. म्हणून ऊब आल्यावर दुसऱ्यांदा बुडखे चिरून बघा आणि मगच फावडं उचला. हरळीच्या बाबतीत माती १८ अंशांच्या आसपास टिकेपर्यंत थांबा. त्यानंतरही जिथे कोंब नाहीत आणि बुडखे तपकिरी आहेत, तेवढीच जागा मोकळी करा. पाणी साचून गवत मेलं असेल तर आधी उतार दुरुस्त करा, हुमणी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, आणि बी त्यानंतर टाका.