एमएस्सीचा फॉर्म भरण्याआधी: ठाणे-नवी मुंबईच्या जीवशास्त्रवाल्यांसाठी

"बायोलॉजीत एमएस्सी करायचंय" म्हणत कॉलेजच्या खिडकीशी उभं राहिलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कशात?" आपल्याकडे प्रवेश मिळतो तो झूलॉजी, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्सेस अशा एखाद्या विषयाला. त्यातलं आपल्याला काय मिळू शकतं, हे बरंचसं टीवायच्या, म्हणजे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या, गुणपत्रिकेवर आधीच ठरून गेलेलं असतं.

म्हणून पात्रता पाहताना "बीएस्सी पास" एवढ्यावर थांबू नका. टीवायला सहाच्या सहा युनिट झूलॉजी घेतलेला आणि तीन युनिट झूलॉजी, तीन युनिट दुसरा विषय घेतलेला, हे दोघं प्रवेशाच्या यादीत एका पातळीवर असतीलच असं नाही. नव्या अभ्यासक्रमात युनिटच्या जागी मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आलं, प्रश्न तोच राहिला. बायोटेक आणि लाइफ सायन्सेसचं दार त्या मानानं रुंद असतं, वेगवेगळ्या जीवशास्त्रीय विषयांतली मुलं तिथे चालतात. कॉलेजच्या माहितीपत्रकातला पात्रतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. ठाण्यात बांदोडकर, कल्याणला बिर्ला, वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण प्रत्येक विषय प्रत्येक ठिकाणी नाही. बांदोडकरसारखी स्वायत्त कॉलेजं परीक्षा आपली घेतात, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. बेलापूरचं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ आहे, तिथले शुल्क आणि प्रवेशाचे नियम वेगळे, म्हणून त्याची फाइलही वेगळी ठेवा.

आयआयटीत जायचं डोक्यात असेल तर टीवायच्या निकालाची वाट पाहत बसून चालत नाही. जॅम, म्हणजे तिथल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी, गणपतीच्या आसपासच्या दिवसांत सुरू होतात. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात रसायन, भौतिक आणि गणितही येतं. बारावीनंतर गणिताची वही रद्दीत घातलेल्यांनी ते लक्षात घ्यावं.

आता कागदपत्रं. खरा घाम इथे फुटतो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बीएस्सीच्या सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी, आधार, फोटो, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक). इथवर सोपं. टक्केवारीच्या रकान्यात मुलं सीजीपीएला सरळ दहानं गुणून मोकळी होतात, तसं करू नका. आपल्या विद्यापीठाचं सूत्र वापरा. मुंबई विद्यापीठातल्याच एका कॉलेजातून दुसऱ्यात जात असाल तर ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट मागतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा बाहेरच्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी सर्टिफिकेट लागतं. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

नावाचं एक वेगळंच प्रकरण असतं. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव होतं. आधारवर आईचं नाव नाही, वर वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आडनाव पुढे-मागे असल्यानं काही बिघडलं नाही. त्या एका अक्षरानं मात्र खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म तीनदा मागे सारला. शेवटच्या तारखेला, दुपारी साडेतीनला. स्टेशनजवळ स्टँप पेपर शोधत धावले, प्रतिज्ञापत्र करून आणलं, तेव्हा कुठे शिक्का पडला. तुमची सगळी कागदपत्रं आजच टेबलावर पसरून अक्षरं जुळवून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवावी.

राखीव जागेवर अर्ज असेल तर तीन गोष्टी: जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर. एससी-एसटीला क्रिमीलेयरची भानगड नाही. नॉन-क्रिमीलेयरवर मुदत छापलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते, त्यामुळे बारावीला काढलेलं आता बहुधा शिळं झालेलं असेल. वैधता बारावीनंतर काढली असेल तर तीच चालते. नसेल तर जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करा, निकालाची वाट पाहू नका, कारण तिथे महिने जातात. आणखी एक खाच: जॅमसारख्या केंद्राच्या परीक्षांना राज्याचं नॉन-क्रिमीलेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. एसईबीसी हा राज्याचा सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्ग तर केंद्राच्या यादीतच नाही.

हे दाखले कुठे काढायचे यावरून नवी मुंबईतली मंडळी हमखास गोंधळतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग महसुलाच्या हिशेबात ठाणे तालुक्यात आणि ठाणे जिल्ह्यात. खाडीकडेनं थोडं पुढे खारघर-कामोठ्यात राहत असाल तर तुमचा तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. लोकलनं दोन स्टेशनांचं अंतर, पण कागद निराळ्या तहसीलचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेयर उपविभागीय अधिकाऱ्यांचा. अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या होतो, सेतू केंद्रातही होतो. आणि रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार जोडणार असाल तर त्याची मुदत उलटलेली नाही ना, बघा.

फीबद्दल: विनाअनुदानित तुकडीची फी अनुदानितच्या कितीतरी पट असते, आणि एकाच कॉलेजात झूलॉजी अनुदानित नि बायोटेक विनाअनुदानित असं असू शकतं. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर वेगळा भरायचा. एससी-एसटीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सेमिस्टर, ८८ क्रेडिट. त्यात रिसर्च मेथडॉलॉजी, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर पीजी डिप्लोमा हाती येतो. प्रवेशाआधी विभागात जाऊन सर-मॅडमना विचारा की मागच्या बॅचनं प्रकल्प कशावर केले. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, पण खाडीचा चिखल, कांदळवन, फ्लेमिंगो यांवर काम करू देणारा मार्गदर्शक सगळीकडे नसतो. पुढे प्राध्यापकीसाठी लागणारी नेट-सेट परीक्षा द्यायची असेल तर एमएस्सीला ५५ टक्के हवेत, आरक्षित वर्गांना ५०. काठावर पास होऊन भागत नाही.

प्रवेश पक्का झाला की मूळ एलसी जमा होते आणि ती पुन्हा हातात येत नाही. जमा करण्याआधी तिच्या दहा झेरॉक्स काढा आणि एक स्वच्छ स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.